आईच्या चालीने पंचेचाळीस मिनिटं

२०१६ साली मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी माझा नवरा ऑफिसला निघाला होता. बुटाची नाडी बांधायला तो पायरीवर बसला आणि तिथेच कलंडला. अँब्युलन्स आली. दुपारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला सांगितलं की तो गेला. संध्याकाळी मी पुण्याला सासूबाईंना फोन केला.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल मला लिहायचं नाही. लिहायचं आहे ते नकाशाबद्दल.

फोनवरचा नकाशा आपण सगळेच वापरतो. रस्ते आणि वळणं त्यात कशी येतात याचा मी कधी विचार केला नव्हता. पण काही नकाशे असे आहेत की ज्यांत कोणीही भर घालू शकतं. कुठे बाक आहे, कुठल्या नळाचं पाणी पिता येतं, डांबरी रस्ता संपून खडी कुठे सुरू होते, अशा गोष्टी साधी माणसं स्वतः जाऊन बघतात आणि मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतात. माझा नवरा त्यांतला एक होता. आठवडाभर तो ऑफिसात पुलांचे आराखडे तपासायचा आणि शनिवार-रविवार हे करायचा. त्याबद्दल त्याला कोणी काही देत नव्हतं, आणि कोणी विचारतही नव्हतं.

सुरुवात आईंच्या गुडघ्यांपासून झाली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. २०११ च्या डिसेंबरमध्ये त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ऑकलंडच्या हेन्डरसन भागात आल्या. इथल्या मराठी घरांत हे ठरलेलं असतं. डिसेंबरात इथला उन्हाळा आला की आईवडील येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे गुडघे येतात, आणि दर शनिवारी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न येतो. मॉल एकदा बघून होतो. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून वाणसामान आणि मिठाई आणून होते. मग उरतं रान. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर डोंगर, आणि डोंगरात धबधब्याकडे जाणारी एक वाट होती. सुरुवातीला पाटी होती, पंधरा मिनिटं, सोपी.

पाटीने पायऱ्यांचा उल्लेख केला नव्हता. जाताना उतार होता, म्हणून आई बोलत बोलत उतरल्या. येताना अर्ध्या चढावर त्या एका ओल्या ओंडक्यावर बसल्या आणि उठेनात.

"अरे," त्या म्हणाल्या, "ही पाटी लिहिणाऱ्याला आई नव्हती का रे?"

"असेल ना."

"मग तिला आणलं नसेल कधी."

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच परत गेला. दुपारी आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. जेवण बाजूला ठेवून लॅपटॉप उघडून बसला. त्या दिवशी त्याने नकाशावर पहिली नोंद लिहिली. तो इंग्रजीत लिहायचा, मी इथे मराठीत सांगते: अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, सगळ्या परतीच्या चढावर. कठडा फक्त एका बाजूला. मध्ये टेकायला ओंडका आहे, पण ओला असतो, सोबत प्लॅस्टिक ठेवा.

मग तो दर शनिवारी आईंना घेऊन निघू लागला. हातात घड्याळ आणि खिशात छोटी वही. मी बहुतेक वेळा गाडीत पुस्तक वाचत बसायचे किंवा मागून रमत यायचे. पुढे ही दोघं. आई तपासनीस असल्यासारख्या प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायच्या.

"हा बाक नुसता दिसायला बाक आहे. पाठ कुठे टेकायची?"

तो लिहायचा: बाकाला पाठ नाही.

"इथे पायरी एकदम उंच. का उंच?"

"मूळ आलंय मध्ये."

"मग लिही, मूळ आहे म्हणून. म्हातारी माणसं पायाखाली बघत नाहीत असं थोडंच आहे, पण आधी कळलेलं बरं."

पाटीवरची वेळ त्याला कधीच पटली नाही. प्रत्येक नोंदीत तो स्वतः मोजलेली वेळ टाकायचा, आणि तिच्यापुढे लिहायचा, आईच्या चालीने. धबधब्याच्या वाटेला त्याने लिहिलं, आईच्या चालीने पंचेचाळीस मिनिटं.

मी ग्रंथालयात काम करते. लोकांनी परत केलेली पुस्तकं रॅकवर लावते, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं की खोडते. त्याचं हे लिहीत सुटणं मला सुरुवातीला तसंच वाटायचं. एकदा समुद्रावर छान ऊन पडलं होतं आणि हा स्वच्छतागृहापासून टेबलापर्यंतची पावलं मोजत होता. मी म्हणाले, "कधीतरी नुसतं बघ ना रे."

"तू कधीतरी नुसतं पुस्तक हातात धरून बसतेस का?"

 

टेबलांच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. आम्ही बाहेर पडलो की दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि दही असा डबा बरोबर असे, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा वारा डब्याचं झाकण उडवून नेतो. म्हणून वाऱ्याला आडोसा आहे की नाही हे तो आवर्जून लिहायचा. त्या इंग्रजी वाक्यातही तो 'डबा' हाच शब्द ठेवायचा.

"डबा कोणाला कळणार आहे इथे?" मी विचारलं होतं.

"ज्याला भूक लागली असेल त्याला."

२०१३ च्या सुमाराला धबधब्याच्या नोंदीतली वेळ कोणीतरी बदलली. पंचेचाळीसची पंधरा झाली. खाली निरोप होता: "पंधरा मिनिटं, मेट. मी बारात केलं आहे. तू कोणाबरोबर चालतोस, गोगलगायीबरोबर?"

त्याने वेळ परत पंचेचाळीस केली आणि लिहिलं, "आईबरोबर."

दोन दिवसांनी पुन्हा पंधरा. त्याने पुन्हा पंचेचाळीस केली. मी त्याला म्हटलं, सोडून दे. तो म्हणाला, "सोडून कसं देऊ? कोणाची तरी आई तिथे ओंडक्यावर बसेल." तिसऱ्यांदा ते झालं तेव्हा त्याने सविस्तर निरोप पाठवला. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे मूळचेच, आणि ज्याला बारा मिनिटं लागतात त्याला नकाशात वेळ बघायची गरजच नसते.

पंधरा दिवस काही आलं नाही. मग निरोप आला: "माझी आई ब्याण्णव वर्षांची आहे. काल तिला घेऊन गेलो. बावन्न मिनिटं लागली. तुझी आई भरधाव चालते. स्वीट अ‍ॅज, चालेल, राहू दे तुझी वेळ. आता मला सांग, हे डबा म्हणजे काय?"

आई तेव्हा पुण्याला परतल्या होत्या. त्याने फोनवर त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सांग त्याला, ब्याण्णवची झाले की मीपण बावन्न लावीन."

तो माणूस निवृत्त पोस्टमन होता. पश्चिम ऑकलंडच्या गल्ल्यांतून त्याने सगळा जन्म पत्रं वाटली होती, आणि आता त्या गल्ल्या नकाशावर घालत होता. दोघं एकमेकांना कधीच भेटले नाहीत. पण एखादा नळ बंद पडला, कुठे नवीन कठडा लागला, की एकाचा निरोप दुसऱ्याला जायचा. पोस्टमनच्या नोंदींतही पुढे पुढे 'डब्यासाठी बरं टेबल' असं यायला लागलं. माझ्या नवऱ्याने तो शब्द मला स्क्रीनवर दाखवला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता.

२०१४ ला आई पुन्हा आल्या आणि वही आणखी भरली. त्यानंतर दोन वर्षांनी तो मंगळवार आला.

आम्ही दोघंच होतो, मूलबाळ नाही. लग्नानंतर कधी लांब राहिलो नाही, त्यामुळे त्याने मला पत्र लिहिण्याची वेळच आली नाही. घरात त्याच्या अक्षरातलं काही शोधावं तर वाणसामानाच्या याद्या, आणि त्या वहीत आकडे आणि तुटक टिपणं. त्याची वाक्यं होती ती फक्त नकाशावर. लॅपटॉपवर त्याचं खातं उघडंच राहिलं होतं. दर शनिवारी सकाळी चहा घेऊन मी दोन नोंदी वाचायचे. दोनच, संपू नयेत म्हणून. 'टेबलाचा एक पाय हलतो, समुद्राकडे तोंड करून बसलात तर जाणवत नाही.' 'स्वच्छतागृह स्वच्छ, पण दार आतून ओढून धरावं लागतं, कोणाला तरी बाहेर उभं करा.' बाहेर उभी असायचे ती मी. दोन वर्षं मी हे केलं आणि एकदाही त्यांतल्या कुठल्या जागी गेले नाही.

मग रान बंद झालं. या डोंगरात कौरी नावाची झाडं आहेत, कित्येक शतकं जुनी. त्यांच्या मुळांना रोग लागला, आणि तो मातीतून पसरतो, म्हणजे चालणाऱ्यांच्या बुटांतून. आधी तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांनी रानावर राहुई जाहीर केली. राहुई म्हणजे ही जागा काही काळ एकटी सोडा, कोणी पाऊल ठेवू नका. समुद्रात कोणी बुडून गेलं तर त्या किनाऱ्यावरही अशी राहुई घालतात. मग २०१८ मध्ये सरकारी आदेशाने बहुतेक वाटा बंद झाल्या. मी हे बातम्यांत ऐकलं, वाईट वाटलं, आणि शनिवारी नेहमीप्रमाणे दोन नोंदी वाचल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते आलं एका निरोपाने. धबधब्याच्या नोंदीखाली एका मुलीने रोमन लिपीत मराठीतून लिहिलं होतं:

"काका, तुमच्या नोटमध्ये डबा शब्द बघून कळलं की आपलेच कोणीतरी आहेत. बॉटनी डाउन्सहून बाबांना घेऊन आलो, त्यांचं हिपचं ऑपरेशन झालं आहे, तुमच्या भरवशावर आलो. इथे फाटक लावलेलं आहे. बाबा म्हणाले एवढ्या लांब आलो आहोत तर जाऊन येऊ, नकाशात तर उघडी दिसते. म्हणून बाजूने आत गेलो. नंतर पाटी नीट वाचली आणि फार लाज वाटली. प्लीज नोट बदला."

शहराच्या दुसऱ्या टोकाहून ती माणसं आली होती. भरवशावर, हा शब्द मी कितीतरी वेळा वाचला.

त्याच आठवड्यात पोस्टमनचाही निरोप आला: "मेट, बरेच दिवस दिसला नाहीस. तुझ्या निम्म्या वाटा बंद झाल्या आहेत. तू बदलतोस, की मी हात घालू? तुला विचारल्याशिवाय तुझं काही बदलायचं नाही असं मी मागेच ठरवलं आहे."

मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. एक आठवडा गेला, मग तीन गेले. काय करायला हवं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नोंद बदलायची म्हणजे त्याचं वाक्य काढून तिथे माझं घालायचं. सगळ्या नोंदी मी एका नव्या वहीत उतरवून घेतल्या, म्हणजे काही हरवणार नाही. पण वहीत त्या मेल्यासारख्या दिसायला लागल्या. कोणीतरी गाडी काढून, म्हाताऱ्या माणसाचा हात धरून, त्या वाक्यांवर विसंबून पायरी चढत होतं म्हणून ती जिवंत होती. आणि नेमकं म्हणूनच ती तिथे राहून चालणार नव्हतं. हे सगळं कळत असून मी रोज लॅपटॉप उघडत होते आणि मिटत होते. मधल्या शनिवारांत आणखी किती गाड्या त्या फाटकाशी गेल्या असतील, मला माहीत नाही.

शेवटी आईंना फोन केला. त्या आता पुण्यात नणंदेकडे असतात. मी त्यांना फाटकाचं सांगितलं, त्या मुलीच्या बाबांचं सांगितलं, आणि म्हणाले, "आई, पण मग त्याचं लिहिलेलं जाईल हो."

 त्या म्हणाल्या, "एक सांगू का तुला? त्या वाटेला मला पंचेचाळीस मिनिटं लागत नव्हती."

"म्हणजे?"

"पंचवीसात झालं असतं. पहिल्या दिवशी गुडघे दुखले, ते खरंच दुखले. पण पुढे मी मुद्दाम हळू चालायचे."

"मुद्दाम?"

"अगं, त्याची आधी शाळा, मग कॉलेज, मग नोकरी, मग तुमचा तो परदेश. माझ्या शेजारून असा कधी चालला होता तो? घड्याळात बघत का होईना, चालत होता. मी बाकाला नावं ठेवली की तो थांबून लिहायचा. मग मी प्रत्येक बाकाला नावं ठेवायला लागले."

मला हसू आलं. मी म्हणाले, "म्हणजे पोस्टमनचं बरोबर होतं."

"अर्धं बरोबर होतं. गोगलगाय म्हणाला ते चुकलंच त्याचं."

"मग उघड्या वाटांच्या वेळापण दुरुस्त करू?"

"छे. लवकर पोचल्याने कोणाचं काय बिघडतं? त्या राहू देत. पण बंद आहे तिथे बंद लिही. आजच्या आज लिही." त्यांचा आवाज बदलला. "माझ्या मुलाच्या भरवशावर कोणी निघालं आणि फाटकावरून परत फिरलं, हे मला चालायचं नाही. त्याला कोणी खोटं म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. तू तरी कसं ऐकलंस?"

फोन ठेवल्यावर मी आधी पोस्टमनला लिहिलं. तीन ओळी. मी कोण, माझा नवरा कधी गेला, आणि नोंदी मी बदलते आहे. उत्तर तासाभरात आलं. "मला वाटलंच होतं, पण विचारायचा धीर झाला नाही. आय अ‍ॅम सॉरी. माझी आई मागच्या वर्षी गेली. डोंगराच्या उत्तरेकडच्या वाटा मी बघतो. ज्यांवर त्याची आई चालली, त्या तू कर."

न बघता काही लिहायचं नाही, हा माझ्या नवऱ्याचा नियम होता. त्यामुळे त्या दिवशी मी फक्त धबधब्याची वाट बंद केली, कारण ती बंद असल्याचं बघून आलेल्या माणसाने सांगितलं होतं. बाकीच्यांसाठी पुढचे शनिवार लागले. गाडी लावायची, फाटकापर्यंत जायचं, पाटी वाचायची, परत यायचं. काही वाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि औषधाचा फवारा ठेवलेला होता. आत जायचं नव्हतं, तरी पहिल्या वेळी मी बूट घासले. फाटकाच्या पलीकडे वाट तशीच दिसत होती. नेचे दोन्ही बाजूंनी तिच्यावर झुकायला लागले होते. एका ठिकाणी पाठ नसलेला बाक होता. तो रिकामा होता आणि त्याच्यावर पक्ष्यांनी फळांच्या बिया टाकल्या होत्या.

प्रत्येक फाटकापाशी मी गाडीत बसून त्याची नोंद एकदा मोठ्याने वाचली आणि मग ती काढली. जागी लिहिलं: वाट बंद आहे, कौरीच्या मुळांसाठी. बाजूने आत जाऊ नका. सोबत वयस्कर माणसं असतील तर गाडी वळवून किनाऱ्याकडे जा. तिथे टेबल आहे, वाऱ्याला आडोसा आहे, पायरी एकही नाही. ते टेबलही मी आधी जाऊन बघितलं. अजून होतं.

बॉटनीच्या मुलीला मी मराठीतच उत्तर पाठवलं. काका आता नाहीत, नोंद बदलायला मी उशीर केला, बाबांना त्रास झाला त्याबद्दल माफ करा. तिने लगेच लिहिलं, "सॉरी काकू, मला माहीत नव्हतं. बाबा एकदम ओके आहेत. ते म्हणतात, त्या नोटमध्ये कठड्याचं लिहिलं होतं म्हणून ते आत पडले नाहीत."  मी आईंना फोन करून ते वाचून दाखवलं. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

हे लिहिते आहे तेव्हा २०१९ संपत आलं आहे. रानातल्या थोड्या वाटा नव्याने बांधून उघडल्या आहेत, बऱ्याच बंद आहेत. पोस्टमन आणि मी निरोप पाठवतो, भेटलेलो नाही. आई पुण्यात आहेत. किनाऱ्याकडच्या आणि गावातल्या नोंदी नकाशावर त्याच्या नावाखाली आहेत. त्यांतलं मी काही बदललेलं नाही.